लांब होलच्या मधोमध

ज्याला लांब होलचा कंटाळा येतो त्याने गोल्फ सोडावा आणि घरी बसून पत्ते पिसावेत, हे माझं मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे. मी दातांचा डॉक्टर. जन्मभर समोरच्याच्या तोंडात आरसा आणि कापूस घालून बोललो. तो "आं" म्हणायचा, मी त्याला होकार समजायचो. माझ्या स्वभावाचं मूळ त्यातच आहे, असं बायको म्हणायची. "तुम्हाला उत्तर ऐकायची सवयच नाही." मी म्हणायचो, "छे, असं काही नाही," आणि पुढे बोलायला लागायचो.

ती गेली त्याला वर्ष होऊन गेलं. दवाखाना त्याआधीच बंद केला होता. घराच्या पुढच्या खोलीत होता तो. बाकी सगळं सामान गेलं, पेशंटची खुर्ची तेवढी राहिली, कारण ती जमिनीला बोल्टने पक्की केलीय आणि ती काढायला येतो म्हणालेला माणूस अजून येतोच आहे. मी त्याच खुर्चीत आडवा होऊन पेपर वाचतो. डोक्यावर दिवा आहे, पाय टाकायला जागा आहे, शेजारच्या चूळ भरायच्या भांड्यात चहाचा कप झकास बसतो. दिवसातला किती वेळ त्या खुर्चीत जातो ते मात्र विचारू नका. घर खायला उठतं म्हणतात ना, ते खरं आहे, आणि मला तर त्याने दातांच्या खुर्चीतच धरलं होतं.

त्यात तो फोन. आठवड्यातून दोन-तीनदा तरी, दिवे लागायच्या सुमाराला, आतल्या खोलीतला जुना फोन वाजायचा. दोनदा वाजायचा आणि गप्प. फोन उचलणं हे कायम बायकोचं खातं. माझे पेशंट असोत की तिचं माहेर, "हॅलो" तिचंच. त्यामुळे आधी मला उठायचं सुचायचं नाही, आणि सुचून खुर्चीतून बाहेर येईपर्यंत खेळ खलास. "कोण आहे रे तो भुरटा!" असं मी रिकाम्या घरात ओरडायचो. एकदा चांगली खरडपट्टी काढावी म्हणून फोनपाशी स्टूल टाकून बसलो, तर त्या दिवशी पठ्ठ्या वाजलाच नाही.

माझ्याशी बोलणारं माणूस म्हणाल तर एकच उरलं होतं, माझे मेहुणे. हिचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, चष्म्याचं दुकान चालवलं, दुकानाच्या वरच्याच खोल्यांत राहिले. जन्मभर लोकांना लांबचं स्पष्ट दिसावं म्हणून धडपडले आणि स्वतःचा चेंडू कुठे पडला ते कधी सांगता आलं नाही. बहीणभावांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही. माझं आणि त्यांचं मात्र "काय मेहुणेबुवा?" "काय भावोजी?" याच्या पुढे जायचं नाही. शेवटी हिनेच आम्हा दोघांना गोल्फच्या मैदानावर ढकललं. "घरात एकमेकांची तोंडं बघत बसता, त्यापेक्षा बाहेर चालता चालता बोला," म्हणाली. तेव्हापासून दर बुधवारी सकाळी आम्ही दोघं. ती गेल्यावरसुद्धा एक बुधवार चुकला नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानात अठरा होल, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून झेंडा रोवलेल्या खळग्यापर्यंतचे अठरा पट्टे. प्रत्येकाला चांगल्या खेळाडूने किती फटके घ्यावेत ते ठरलेलं. आखूड होलला तीन, मधल्यांना चार, लांब होलला पाच. लांब म्हणजे चांगला अर्धा किलोमीटर. सगळ्यांची बेरीज म्हणजे मैदानाचा पार. आमचा बाहत्तर. बाहत्तर म्हटलं की जगात कुठेही माणूस मान डोलावतो. आणि लांब होलची मजा म्हणजे चालणं. पहिला फटका मारला की काठ्यांची पिशवी घेऊन चालत सुटायचं, दोन माणसांनी, हिरव्या गवतावरून. आखूड होल म्हणजे काय, मारलं की पोचलं. त्याला मी खेळ म्हणत नसे. दाढ न काढता नुसती चूळ भरून घरी पाठवण्यातला प्रकार.

आता एक गोष्ट खरी की माझा फटका उजवीकडे वळतो. शिकवणाऱ्यांनी हात टेकले, पण चेंडू उजवीकडच्या झाडीतच जातो. मेहुण्यांचा डावीकडे, ओढ्याकाठी. यावरून क्लबात आमची यथेच्छ टिंगल व्हायची. "दोघांचा मिळून एक सरळ फटका होतो," असं वकील म्हणायचे. मीही हसायचो.

तर मागच्या उन्हाळ्यात क्लबाच्या समितीने टूम काढली. पाणी पुरत नाही, एवढं गवत जगवता येत नाही, आणि एक खेळ संपायला अर्धा दिवस जातो. तेव्हा चार लांब होलांपैकी तीन कापून आखूड करायचे. पार बाहत्तरवरून सहासष्टवर. उरलेली जमीन झाडांना सोडायची.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सभा बोलावली गेली तेव्हा मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

सभा कसली, बाजार. वकील म्हणाले, "अहो, मी सकाळी जातो आणि दुपारी उगवतो. बायको विचारते, दुसरं घर केलंय का?" लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लांब होलवर तुम्ही पुरुष ताकद दाखवता, आम्ही नुसत्या मारत राहतो. आखूड होलवर नेम लागतो. तिथे मी तुमच्यातल्या कुणालाही हरवते." हे खरं होतं. मागून एक तरुण ओरडला, "मग माझी नवी लांब पल्ल्याची काठी काय भिंतीला टांगू?" एकजण म्हणाला, आजकाल आखूड मैदानंच लोकांना आवडतात, जेवायच्या आत घरी जाता येतं. दुसरा म्हणाला, सहासष्ट पार सांगितला तर बाहेरचे लोक विचारतील, मैदान आहे की अंगण?

मग समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, आखूडच्या बाजूने आणखी कोण? आणि माझ्या शेजारी बसलेल्या मेहुण्यांनी हात वर केला.

मला वाटलं, चष्मा पुसायला हात वर नेला असेल. पण नाही. हात वरच. "मला वाटतं, आखूड होल बरे," ते उभं राहून म्हणाले. "माझा गुडघा..." माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बसले.

मी उठलो. त्या दिवशी माझ्या जिभेवर काय बसलं होतं कोण जाणे. मी म्हणालो, "यांचा गुडघा दुखतो म्हणून आपण मैदान कापायचं? उद्या यांचे दात पडतील, मग सगळ्यांनी पेजच प्यायची का?" सभागृह खदखदून हसलं. मला चेव आला. वकिलांनी मध्यम मार्ग काढला होता, की ज्यांना झेपत नाही त्यांना नुसते आखूड होल खेळू द्यावेत. मी तोही उडवला. "मधूनच सुरू करायचं, मधूनच सोडायचं, हे धंदे नकोत. खेळायचं तर पहिल्यापासून अठराव्यापर्यंत, नाहीतर व्हरांड्यात बसून सरबत प्यावं. नियमच करा तसा." टाळ्या पडल्या. मतं घेतली. आम्ही थोडक्यात जिंकलो, आणि माझा नियमही पास झाला. क्लबाच्या सेक्रेटरींनी माझा हात हातात घेऊन हलवला.

मागे वळून बघतो तर मेहुण्यांची खुर्ची रिकामी.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. मी पहिल्या होलवर वाट बघत थांबलो, मागच्या लोकांना दोनदा पुढे जाऊ दिलं. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. मी म्हटलं, बसू देत फुगून. येतील झक मारत. फोन करायचा माझ्या मनात आला नाही असं नाही, पण चूक त्यांची असताना मी का करू? आणि खरं सांगायचं तर फोन करून बोलायचं काय, तेही मला माहीत नव्हतं.

मी इतरांबरोबर खेळून पाहिलं. ते बिचारे सज्जन लोक. पण पहिल्या होलनंतर त्यांच्या घरच्या गप्पा सुरू व्हायच्या, त्यात मी परका. मग एकटा खेळायला लागलो. एकट्याने गोल्फ खेळणं काय असतं सांगू? चांगला फटका बसला की माणूस आपसूक बाजूला बघतो. बाजूला कुणी नसतं. ते रोज नव्याने कळतं.

आणि मग एका बुधवारी दुसऱ्या होलवर, म्हणजे आमच्या सगळ्यात लांब होलवर, माझा चेंडू डावीकडे गेला. काय झालं देव जाणे, खांदा धरला असेल, पण सरळ डावीकडे, ओढ्याकाठी. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला कधी गेलोच नव्हतो. जाऊन बघतो तर गुडघाभर गवत, चिखल, आणि पाण्याचा आवाज. चेंडू सापडला. मान वर करून उजवीकडे बघितलं. माझ्या नेहमीच्या जागेकडे. काहीच दिसलं नाही. मध्ये उंचवटा आहे, त्यापलीकडे झाडांचे शेंडे. तिथला माणूस दिसायचा प्रश्नच नाही, आणि ओढ्याच्या आवाजात ऐकू तर काय येणार.

मी तिथेच गवतात उभा राहिलो. लांब होलवर आम्ही कधी बरोबर चाललोच नव्हतो. एकदाही नाही. मी त्या झाडीत, ते या चिखलात, आणि भेट थेट पलीकडच्या टोकाला, झेंड्यापाशी. मी चालता चालता बोलत असायचो, हे मला चांगलं आठवत होतं. बदलत्या हवेबद्दल, नव्या डॉक्टरांबद्दल, क्लबाच्या चहाबद्दल. मी झाडांशी बोलत होतो. आणि ते जे काही मला बोलले होते, ते सगळं मला एकामागून एक आठवायला लागलं आणि दर वेळी पायाखाली आखूड होल होता. दुकान बंद करतोय, हे त्यांनी सांगितलं ते तिसऱ्या होलवर. एकदा एका बाईंना लग्नाचं विचारलं होतं आणि त्या नाही म्हणाल्या, हे बाराव्यावर. आणि सोळाव्या होलवर, दोघांचे चेंडू झेंड्याजवळ पडलेले, आम्ही शेजारी शेजारी चालत होतो तेव्हा ते म्हणाले होते, "भावोजी, ताईचे रिपोर्ट आलेत. ती तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो."

मला रडू आलं. तिथेच, चिखलात, हातात काठी घेऊन. मागच्या लोकांनी हाका मारल्या तेव्हा चेंडू खिशात टाकला आणि घरी आलो.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. जिना चढताना दम लागला. त्यांनी दार उघडलं, हातात टेकायची काठी, गुडघ्याला पट्टा. आतल्या भिंतीवर दुकानातला अक्षरांचा तक्ता अजून टांगलेला होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. त्याच्याखाली एकच खुर्ची. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले.

"मेहुणेबुवा," मी म्हणालो, "आज माझा चेंडू डावीकडे गेला."

त्यांनी गुडघ्यावरचा पट्टा सरळ केला. मग म्हणाले, "चिखल आहे का अजून?"

"आहे. सभेत सांगायचंत ना खरं कारण!"

"काय सांगणार भावोजी? मला आमच्या भावोजींबरोबर चालायला मिळावं म्हणून जमीन कापा? लोक हसले असते."

"हसले तसेही."

"हो," ते म्हणाले. "तुम्ही बोलता छान."

हे मला झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं. माफी कशी मागतात ते मला येत नाही. पेशंटला सुई टोचली तरी मी "झालं झालं" म्हणायचो. तेच म्हणणार होतो, पण म्हणालो, "बुधवारी या. तिसरा होल खेळू. आखूड आहे. दोघंच."

"आणि नियम?"

"मी केलाय, मीच मोडतो."

"गुडघा..."

"हळू चालू."

बुधवारी आम्ही झाडांखालच्या कडेच्या पायवाटेने, चोरासारखे, थेट तिसऱ्या होलवर गेलो. वाट चढउतारांची, त्यांना वेळ लागला. दर वळणावर थांबलो. पोचलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. त्यांनी मारला, चेंडू झेंड्याच्या डावीकडे. मी मारला, उजवीकडे, वाळूच्या खड्ड्यात. "वा!" ते म्हणाले. "काहीच बदललेलं नाही." आणि आम्ही शेजारी शेजारी चालायला लागलो. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. दातांच्या डॉक्टरला हे किती जड जातं ते मलाच माहीत.

झेंड्यापर्यंत पोचायच्या आत सेक्रेटरी बॅटरीची गाडी घेऊन हजर. कुणीतरी चुगली केली होती.

"डॉक्टर, तुम्ही पहिला आणि दुसरा होल खेळलेला नाही."

"नाही."

"म्हणजे मधूनच सुरू केलंत."

"मधूनच."

"अहो, पण नियम तुम्हीच..."

"मीच. मूर्खासारखा नियम आहे. पुढच्या सभेत तेच सांगणार आहे. सगळ्यांसमोर, आणि का मूर्खासारखा आहे तेही."

सेक्रेटरी बापडा भला माणूस. त्याने घाम पुसला. म्हणाला, नियम म्हणजे नियम, या मोसमापुरतं तुम्हा दोघांना मैदान बंद.

"यांना का?" मी म्हणालो. "यांना मी आणलं."

"मी माझ्या पायांनी आलोय," मेहुणे म्हणाले. "त्यातला एक वाईट आहे ते सोडा."

सेक्रेटरींनी त्यांना गाडीत बसा म्हटलं. बसायला शेजारी एकच जागा होती. मेहुण्यांनी त्या जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "चालतो," म्हणाले. गाडी निघून गेली.

पायवाटेने परत जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. उताराला गुडघा जास्त दुखतो. मग उरला दुसरा होल. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मऊ, कापलेलं, सपाट गवत, अर्धा किलोमीटर, थेट क्लबाच्या दारापर्यंत. त्या टोकाला वकील आणि त्यांची मंडळी फटका मारायच्या तयारीत उभी होती. आम्हाला मधोमध चालत येताना बघून त्यांनी हात हलवले. "बाजूला व्हा!" असं काहीतरी ओरडले. मीही हात हलवला आणि चालत राहिलो. शेवटी वकिलांनी काठी पिशवीत टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मी इथून कधी चाललोच नव्हतो," मी म्हणालो. "या मधल्या पट्ट्यातून."

"मीपण नाही," ते म्हणाले. "चांगलं आहे की."

आम्ही फार हळू जात होतो. त्यांनी एक हात काठीवर आणि एक माझ्या दंडावर ठेवला होता. बराच वेळ ते गुडघ्याबद्दलच बोलले, आणि मी ऐकलं. मग गप्प झाले. मला वाटलं, संपलं. पूर्वीचा मी असतो तर तिथे चहाचा विषय काढला असता. मी थांबलो.

"भावोजी, एक सांगू? हसू नका," ते म्हणाले. "संध्याकाळी दुकान बंद केलं की मी ताईला फोन करायचो. वर्षानुवर्षं. आता दुकान नाही, पण दिवा लावला की हात जातोच फोनकडे. नंबर फिरवून होतो, वाजायला लागतो, आणि मग आठवतं. मग ठेवून देतो."

माझा पाय गवतात अडकल्यासारखा थांबला. मेहुण्यांनी दंड घट्ट धरला, त्यांना वाटलं मी पडतोय. समोरून वकील पुन्हा काहीतरी ओरडले.

"आवडत नाही का तुम्हाला?" मेहुण्यांनी विचारलं. "त्रास होत असेल तर नंबर काढून टाकतो."

"नाही नाही, काढू नका," मी म्हणालो. "फक्त जरा जास्त वेळ वाजू देत जा. मला त्या खुर्चीतून उठायला वेळ लागतो."